स्क्विड की ऑक्टोपस? प्रात्यक्षिकाच्या तयारीचा माझा अनुभव

ऑक्टोपसला आठ भुजा असतात आणि स्क्विडला आठ भुजांखेरीज दोन लांब स्पर्शक असतात, हे पाठ्यपुस्तकातले उत्तर सर्वांना पाठ असते. बडोद्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना प्रात्यक्षिकाच्या तयारीला लागलो, तेव्हा या उत्तराचा उपयोग किती मर्यादित आहे हे ध्यानात आले. फॉर्मेलिनच्या बरणीत वर्षानुवर्षे पडून असलेल्या नमुन्यांचे स्पर्शक बहुधा तुटलेले किंवा भुजांच्या आड दुमडलेले असतात. निसर्गातही या मोजणीचा पूर्ण भरवसा नाही, कारण ऑक्टोपोट्यूथिस या स्क्विडला प्रौढपणी स्पर्शक उरतच नाहीत.

बरणीवर न थांबता ताजा प्राणी उघडून पाहावा, असा आमच्या सरांचा आग्रह होता. वेरावळच्या बाजूने बर्फात आलेले स्क्विड मासळी बाजारात मिळाले. आमचे घर शाकाहारी असल्याने ते थेट प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये न्यावे लागले, हे वेगळे सांगायला नकोच. अधर म्हणजे पोटाच्या बाजूने प्रावार, म्हणजे शरीराचे मांसल आवरण, कापल्यावर दोन कल्ले, प्रत्येकाच्या बुडाशी एकेक क्लोम-हृदय (कल्ल्यात रक्त ढकलणारे छोटे हृदय) आणि शाईची पिशवी दिसली. पाठीकडून चिमट्याने ओढताच कायटिनची पारदर्शक, पिसासारखी पट्टी अखंड बाहेर आली. हा कवचाचा अवशेष स्क्विडच्या लांबट प्रावाराला ताठपणा देतो आणि खुल्या पाण्यात वेगाने पोहणाऱ्या प्राण्याला तो हवाच. विभागातल्या ऑक्टोपसच्या पिशवीसारख्या प्रावारात अशी पट्टी नव्हती. त्या गटातल्या अनेकांत कवचाच्या फार तर दोन बारीक काड्या उरतात, म्हणूनच ऑक्टोपस खडकांच्या अरुंद फटींतून सहज निसटतो. पार्श्वपरांवरूनही ओळख पटते, परंतु खोल समुद्रातल्या काही ऑक्टोपसांनाही पर असतात.

स्क्विडच्या प्रावाराच्या आतल्या भिंतीवरील ताराकृती गुच्छिका, म्हणजे चेतापेशींचा ताऱ्यासारखा पुंजका, शोधायला बराच वेळ गेला, पण तो सार्थकी लागला. तिथून निघणारे महाकाय चेतातंतू काही जातींत सुमारे १ मिलिमीटर जाड असतात. त्यांवरील प्रयोगांतूनच हॉजकिन आणि हक्सली या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी चेतासंवेदनेच्या वहनाचा उलगडा केला आणि १९६३ साली नोबेल पारितोषिकात ते सहभागी झाले.

मला सर्वांत भरवशाची खूण वाटली ती चूषकांची, म्हणजे भुजांवरच्या चिकटून धरणाऱ्या वाट्यांची. स्क्विडचे चूषक बारीक देठावर असून त्यांच्या काठाला कायटिनचे कडे असते, पुष्कळदा दातेरी. ऑक्टोपसचे चूषक देठाविना भुजेवर बसलेले, मऊ आणि बिनकड्याचे असतात. परीक्षेत माझ्यापुढे एका भुजेचा तुकडाच ठेवलेला होता. भिंगाखाली दातेरी कडी दिसताच मी स्क्विड असे लिहिले आणि कारणही नोंदवले. बाह्य परीक्षकांनी मान डोलावून लगेच दोहोंतील साम्ये विचारली, तेव्हा तीन हृदये, ताम्रयुक्त हिमोसायनिनमुळे निळसर दिसणारे रक्त आणि मेंदूमधून जाणारी अन्ननलिका ही उत्तरे मी दिली.