वर्षाची ज्वारी, घागरभर पाणी

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत सीना नदीचे पाणी धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्याच्या गावांत शिरले, तेव्हा आरोग्य सेवक म्हणून एका गावाच्या पाणी शुद्धीकरणाचे काम माझ्याकडे होते. 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर हे प्रमाण तिच्यात 33 टक्के क्लोरीन असेल तरच लागू पडते. दमट खोलीत तोंड उघडे टाकलेल्या पोत्यात बहुतेक चुनाच उरतो. म्हणून पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने नळीत पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन तपासणीच्या द्रावणाचे) थेंब सोडायचे आणि क्लोरीन असल्याचा पिवळा रंग येतो का ते पाहायचे. त्या दिवशी रंग आलाच नाही. पावडरीची खरेदी आपल्याकडे साठा नोंदवहीपुरती होते.

त्याच फेरीत एका आजींच्या घरी गेलो. आपली घरे दुष्काळ धरून साठवण करतात: ज्वारीत कडुलिंबाचा पाला, तुरीला एरंडेल, आणि 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागल्यापासून अंगणात पिंपेही वाढली, पण जड ते सगळे जमिनीवर. आजींनी कोठीची खालची झडप उघडली, तेव्हा मोड आलेली ज्वारी आंबूस वासासह बाहेर ओघळली. चूल विझलेली, पिंपात पुराचे पाणी. वर्षाचे धान्य असलेले ते घर फडताळावरच्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि माळवदावर नेलेल्या एका घागरीवर तगले होते. वरच्या फळीवर माणशी रोजचे तीन लिटर या हिशेबाने झाकणाचे कॅन आणि क्लोरीनच्या द्रावणाची बाटली ठेवावी, असे मी सांगितले, आणि आजींनी ते लगेच मान्यही केले.

ज्वारीचे मात्र पटेना. "वाळवून दळू की लेकरा, फेकावं कसं?" पुराच्या पाण्यात शौचखड्डे मिसळलेले असतात आणि बुरशीचे विष उन्हाने जात नाही, म्हणून ती गुरांनाही घालू नये, हे मी समजावले; पण पंचनाम्याआधी फेकली तर नुकसान दाखवायचे काय, या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पथक आले तेव्हा ज्वारी माळवदावर वाळून कडक झाली होती आणि ती भिजलेली लिहावी की नाही, यावर दोघा कर्मचाऱ्यांचा वाद चालला होता.

फोटो काढावा, पिशवीभर नमुना ठेवावा आणि उरलेली पुरून टाकावी, असे मी आता गावोगाव सांगतो. पंचनाम्यात तेवढे चालेल का, हे तालुक्याला लेखी विचारले आहे; उत्तर अजून आलेले नाही.