करी रोडला उतरून मोझॅकच्या शोधात

नाशिकहून पंचवटीने दादर, तिथून स्लो लोकलने करी रोड. गिरणगावात आता भोंगे वाजत नाहीत. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या, आवारं तेवढी उरली. त्यातल्याच एका आवारात छोटी ब्रूअरी आहे. मला मात्र बिअरच्या आधी मोझॅक हुंगायचं होतं. मोझॅक हे हॉप्सचं एक वाण, आणि हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुवास देणारी वेलीची बोंडं.

ब्रूअर तरुण, अघळपघळ बोलणारा. फ्रीजरमधून चंदेरी पाकीट काढत म्हणाला, "काका, हात पुढे करा. चोळा आणि लगेच वास घ्या."

हॉप्स दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या, म्हणजे पेलेट्स, तळहातावर चुरल्या. आधी आंबा, मग संत्र्याची साल, त्यामागून जांभळाच्या वळणाचं काहीतरी गोड आणि शेवटी चिडाच्या राळेचा उग्र दर्प. बोटं पिवळट, चिकट झाली. ते ल्युपुलिन, हॉप्सच्या मादी बोंडांतली भुकटी. कडूपणा आणि सुवास दोन्ही तिच्याच पोटात.

मोझॅक हे अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यातलं वाण. २०१२ साली या नावाने बाजारात आलं, तोवर नुसता एचबीसी ३६९ हा क्रमांक. सिमको हे हॉप्सचं दुसरं वाण त्याची आई. कडूपणा ज्यांच्यातून येतो ती अल्फा आम्लं साधारण ११.५ ते १३.५ टक्के, त्यामुळे निव्वळ कडूपणासाठी घातलं तरी थोडक्यात भागतं. तासभर उकळलं की या आम्लांचं रूप पालटून बिअर कडू होते, पण सुगंधी तेलं वाफेवर उडून जातात. तेच आच बंद केल्यावर किंवा आंबवण्याच्या टाकीत घातलं, तर तेलं टिकतात. कधी घालायचं यावर सगळं ठरतं, आणि मला या वाणाचं खरं कौतुक त्यासाठीच आहे.

"मग इथेच का नाही लावत?"

"दिवस पुरत नाही, काका."

खरंच आहे. जूनमध्ये याकिमात दिवस पावणेसोळा तासांचा, मुंबईत जेमतेम सव्वातेरा तासांचा. हॉप्सच्या वेलीला उन्हाळ्यात मोठे दिवस लागतात आणि हिवाळ्यात कडक थंडी. आपल्याकडे ती हिमाचलातल्या लाहौलमध्ये होते.

मग फक्त मोझॅक वापरलेली पेल एल, म्हणजे फिकट रंगाची एक बिअर, आली. कडूपणा नेमका, मागून आंबा. फळाचा अर्क ओतलेल्या गोडमिट्ट बिअरपेक्षा ही मला कितीतरी सच्ची वाटते, कारण हिच्यात फळाचा थेंबही नाही.

जाणार असाल तर दुपारी जा, तेव्हा ब्रूअरला बोलायला सवड असते. आणि कोणती बिअर ताजी आहे ते आधी विचारा. जुनी होत गेली की पहिल्यांदा हा फळांचा सुवासच उतरतो.