एका कासवाची दोन बिलं

संरक्षित सागरी जीव जाळ्यात अडकला, तर मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडायचं आणि जाळ्याची भरपाई सरकारने द्यायची, ही राज्याची योजना डिसेंबर २०१८ची. भरपाई जास्तीत जास्त २५,००० रुपये. सिंधुदुर्गातल्या एका कार्यालयात आम्ही लेखापरीक्षक हाच खर्च तपासत होतो.

फायली चोख होत्या. अर्ज, बोटीची नोंदणी, परवाना, पंचनामा, फोटो, सगळं क्रमाने लावलेलं. (इतकी चोख फाईल दिसली की मी चष्मा पुसते.) एका फाईलमध्ये ऑलिव्ह रिडले कासव होतं, पाठीची उजवी कड तुटलेली. जेवणानंतर दुसऱ्या बोटीच्या फाईलमध्ये तसंच कासव निघालं, फक्त तुटकी कड डावीकडे. जाळ्यात तीच गाठ. मागे बर्फाचा क्रेट होता आणि त्याच्यावरची अक्षरं उलटी! फोटो नुसता आरशातल्यासारखा उलटवून लावला होता.

मग दोन्ही पंचनामे शेजारी ठेवले. तारखा वेगळ्या, मजकूर शब्दशः एक, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ हे दोन्हींकडे होतं. माझं डोकं फिरलं ते इथे.

हाफ मार्जिन, म्हणजे कार्यालयाला लेखी आक्षेप, काढण्याआधी बंदरावर गेलो. पहिल्या बोटीच्या तांडेलाने, म्हणजे नाखव्याने, मोबाईलवर मूळ व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या बोटवाल्याने आढेवेढे घेतले नाहीत.

“मॅडम, कासव मियां सोडलंय. फोटो तेवढो माझो न्हय. रात्रीचा जाळां कापूक दोन हात पुरनत नाय, मोबाईल कोण धरतलो?”

अशी सबब कुणीही सांगेल. म्हणून परत येऊन आवक नोंदवही काढायला लावली. त्याचा आधीचा अर्ज खरंच होता. ‘छायाचित्र नाही’ असा शेरा मारून परत केलेला. त्याच शेऱ्याचे आणखीही अर्ज त्या नोंदवहीत सापडले. त्यातले खरे किती, खोटे किती, हे ठरवायला कुणी बंदरावर गेल्याची एकही नोंद नव्हती. म्हणजे पाहणी न करताच एक अर्ज मंजूर होत होता आणि दुसरा नामंजूर.

वसुली लावली, खोट्या फोटोवर दुसरं काही करता येत नाही. पण अहवालातल्या आक्षेपाच्या परिच्छेदात बोटवाल्यासाठी दोन ओळी खर्च केल्या, पंचनाम्यांसाठी दीड पान, आणि परत केलेल्या अर्जांची यादी जोडली.

कार्यालयाचं अनुपालन, म्हणजे आक्षेपावरचं उत्तर, आलं: रक्कम वसूल केली, परिच्छेद वगळावा. यादीबद्दल अवाक्षर नव्हतं. मी परिच्छेद कायम ठेवला.