हाइनाच्या बाहुल्या बघायला कांपेचेला, आणि सोमवारचा घोळ

आधी हाइना या नावाचं सांगते, कारण आमच्या घरी यावरून बराच गोंधळ झाला. स्पेलिंग वाचलं की "जैना" होतं, त्यामुळे सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं मेक्सिकोत कुठलं आलंय देरासर! तर स्पॅनिशमधे "जे"चा "ह" होतो, म्हणून हाइना. माया म्हणजे तिथले प्राचीन लोक, त्यांच्या भाषेत अर्थ साधारण पाण्यातलं घर. मेक्सिकोतल्या कांपेचे राज्याच्या किनाऱ्याला अगदी लागून असलेलं छोटंसं बेट, त्यातला बराच भाग माया लोकांनी भराव घालून बनवलेला. तिथल्या दफनांमधे भाजलेल्या मातीच्या बाहुल्या सापडल्या, बहुतेक इ.स. ६०० ते ९०० च्या आसपासच्या. प्रेताबरोबर ठेवायच्या, कधी हातात कधी छातीशी.

बेटावर जायचा विचार आत्ताच सोडून द्या. सर्वसामान्यांसाठी ते बंद आहे, मेक्सिकोच्या पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आम्हाला गावात एकजण "होडीने नेतो की" म्हणून मागेच लागला होता, नवरा जवळजवळ तयार झालेला, मी हात धरून ओढून आणला. इतकी वर्षं थडगी लुटली गेली म्हणूनच ती बंदी आहे, तिथे चोरून जाऊन काय बघणार?

बाहुल्या बघायच्या त्या कांपेचे शहरातल्या सान मिगेल किल्ल्यातल्या म्युझियममधे. आम्ही विमानाने मेरिदा, तिथून एडीओ कंपनीची बस, अडीच-तीन तास, एसी इतका कडक की स्वेटर घेऊन बसा, बाहेर उकडून निघत असलं तरी. आणि आता मुख्य चूक. आम्ही पोचलो रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी टॅक्सी करून टेकडीवरच्या किल्ल्यावर गेलो तर दार बंद. तिकडे बहुतेक म्युझियम सोमवारी बंद असतात, हे मला माहीत होतं तरी प्लॅन करताना डोक्यातून निसटलं. खंदक, तोफा बघून आणि खाली समुद्राचे फोटो काढून परत आलो, हॉटेल एक रात्र वाढवलं. दिवस मात्र फुकट गेला नाही, गावाभोवतीची तटबंदी, समुद्री चाच्यांच्या त्रासाने बांधलेली, ती फिरून झाली.

मंगळवारी उघडल्या उघडल्या आत. कालाकमूल या जुन्या माया शहराचे जेडचे मुखवटे तिथेच आहेत, सगळी गर्दी त्यांच्यापाशी. बाहुल्यांच्या कपाटापाशी आम्ही दोघंच! फोटोत बघून मला वाटलं होतं चांगल्या हातभर असतील, प्रत्यक्षात बऱ्याचशा वीतभर. पण त्या वीतभरात काय काय घातलंय. कानातल्या जाड चकत्या, गळ्यात मण्यांची माळ, कपाळ मागे चपटं केलेलं (लहानपणी डोक्याला फळ्या बांधून तसा आकार देत), नाकाची सरळ रेघ कपाळापर्यंत चढवलेली. एका बाईच्या वस्त्राच्या घडीत निळ्या रंगाचा नखाएवढा तुकडा शिल्लक होता. हा माया निळा, नीळ आणि एक खास पांढरी माती एकत्र तापवून करायचे, म्हणून हजार-बाराशे वर्षं टिकलाय, बाकीचे रंग बरेचसे उडून गेलेत.

आणि कपाटाच्या कडेला जाऊन मागची बाजू नक्की बघा, बहुतेक लोक समोरून फोटो काढून पुढे जातात. पुढे एवढी नटलेली बाई आणि पाठ सपाट, साधी, तिच्यात फुंकायचं भोक. यातल्या बऱ्याच बाहुल्या म्हणजे शिट्ट्या आहेत, काहींच्या पोटात गोळ्या घालून खुळखुळा केलेला! साच्यातल्या पोकळ बाहुल्यांचा हा प्रकार, हाताने घडवलेल्या भरीव असतात आणि चेहरे त्यांचेच जास्त बोलके. मला एकदम जत्रेतल्या मातीच्या शिट्ट्या आठवल्या, दोन रुपयाच्या, ज्या मोटारीत वाजवल्या म्हणून बाबांचा ओरडा खाल्ला होता. इथे मात्र ती शिट्टी माणसाबरोबर पुरलेली.

मेक्सिको सिटीवरून जाणार असाल तर चापुल्तेपेकच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र म्युझियममधलं माया दालन सोडू नका, तिथे हाइनाची विणकरीण आहे, मागाचं एक टोक खांबाला आणि दुसरं स्वतःच्या कंबरेला, खांबावर पक्षी बसलेला. तिथेही सोमवारी सुट्टी, आणि रविवारी स्थानिकांना फुकट म्हणून तुडुंब. फ्लॅश दोन्हीकडे बंद ठेवा.

शाकाहारी मंडळींनो, कांपेचेची खासियत पान दे कासोन दिसायला मस्त थरांची पोळी, पण आत शार्क. घेवड्याच्या उसळीत पण डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या. अंडं चालत असेल तर पापाद्सूलेस मागवा, भोपळ्याच्या बियांची हिरवी ग्रेव्ही, मी तीनदा खाल्लं.

"अस्सल जुनी आहे" म्हणून कोणी बाहुली विकत असेल तर घेऊ नका. खोटी असेल तर पैसे गेले, खरी असेल तर देशाबाहेर नेणं गुन्हा. नकला उघडपणे मिळतात, मी एक शिट्टीवाली घेतली आणि केबिन बॅगेत मोज्यात गुंडाळून आणली. एअरपोर्टवर मशीनमधे बॅग अडली, तिथल्या तपासणीच्या बाईंनी मोजा उलगडला, उलटीपालटी करून बघितली आणि मलाच म्हणाल्या वाजवून दाखवा.