झेब्रा शिंपल्यांखाली दबलेली मादी

ज्या मादीबद्दल लिहिते आहे ती हिगिन्स आय जातीची. मिसिसिपी नदीच्या वरच्या पट्ट्यात राहणारा हा गोड्या पाण्यातला शिंपला १९७६ सालापासून अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. ती आम्हाला ऑक्टोबरच्या सुरुवातीला सापडली. तिच्यासाठी जे केलं त्यातून काही साधलं की नाही, यावरून माझा आणि आमच्या गटप्रमुखाचा वाद अजून मिटलेला नाही. तो चिडून घालायचा वाद नाही, दोघांनाही नदीची काळजी आहे. पण मला वाटतं तो चुकीची गोष्ट मोजतो, आणि हे नीट मांडायला बैठकीतली पाच मिनिटं पुरत नाहीत.

आम्ही पाणबुडे, आमचं काम नदीच्या तळावरचं आहे. हवा बोटीवरून नळीने येते, बोटीवरचा माणूस नळी सोडतो-आवरतो आणि माझ्या श्वासाच्या आवाजावरून मी ठीक आहे का ते ओळखतो. पाणी इतकं गढूळ की हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. पाव चौरस मीटरची लोखंडी चौकट तळावर ठेवायची आणि तिच्या आतली खडी, वाळू, शिंपले असं सगळं बोटांनी उकरून जाळीच्या पिशवीत भरायचं. देशी, म्हणजे या नदीतले मूळचे शिंपले तळात उभे रुतलेले असतात, मागचं टोक तेवढं वर. त्या टोकाला दोन फटी असतात. एकीतून पाणी आत जातं, दुसरीतून बाहेर पडतं. सरावाने बोटांना ते टोक कळतं, कडेची जाडी कळते, बऱ्याचदा जातसुद्धा कळते. हे बोटांचं ज्ञान मिळवायला फार वेळ लागतो आणि त्याचा मला अभिमान आहे.

झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले छोटे पट्टेरी शिंपले, आले की हे ज्ञान कुचकामी होतं. बोटाला लागतो तो नुसता काचेच्या चुऱ्यासारखा थर. हातमोजे पातळच वापरावे लागतात, नाहीतर काही जाणवत नाही, आणि पातळ मोजे त्यांच्या धारदार कडांपुढे टिकत नाहीत. त्या दिवशी एका चौकटीत मुठीपेक्षा मोठा गोळा हाताला लागला. बोटीवर आणून पाहिला तर आत ती होती. पाठीमागच्या टोकावर झेब्रांचे थरावर थर, एकाच्या पाठीवर दुसरा. सगळे काढून वजन केलं तेव्हा ओझं तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भरलं.

हे इथवर पोचले कसे, ते थोडक्यात सांगते. मूळ घर काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या परिसरातलं. जहाजांचा तोल राखायला भरलेल्या बॅलास्ट पाण्यातून ते उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत आले आणि १९८८ साली लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले. खरं तर महासरोवरांचं पाणी मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वाहत नव्हतं. शिकागोचं सांडपाणी सरोवरात जाऊ नये म्हणून १९०० साली कालवा काढून तिथली नदी उलटी फिरवली, आणि दोन खोरी जोडली गेली. १९९१ पर्यंत झेब्रा इलिनॉय नदीत आणि मिसिसिपीतही पोचले. त्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर खालीच वाहत जातात, प्रवाहाविरुद्ध वर येऊ शकत नाहीत. वर आणलं ते बार्ज म्हणजे सपाट मालवाहू नौकांनी आणि बोटींनी, आपल्या बुडाला चिकटवून. २००० साली केंद्रीय वन्यजीव खात्याने स्पष्ट म्हटलं की या जलमार्गावरची वाहतूक झेब्रा पसरवत राहिली तर हिगिन्स आयचं अस्तित्वच धोक्यात येईल. त्यानंतर या जातीचं स्थलांतर आणि उबवणी केंद्रात पिल्लं वाढवण्याचं काम सुरू झालं.

एकदा वरच्या बाजूला संथ, रुंद पाणी त्यांच्या ताब्यात गेलं की खालच्या नदीला दर उन्हाळ्यात अळ्यांचा पुरवठा होत राहतो. आमच्याकडे लेक पेपिन हे नदीच्या वाटेतलंच सरोवर तशी जागा आहे. तळावर कितीही हात चालवले तरी वरून नवी फौज येणार, असं गटप्रमुख म्हणतो ते याच आधारावर, आणि तिथवर त्याचं बरोबर आहे.

आता साफसफाई. लोकांना वाटतं झेब्रा ओढून काढायचे. ओढायचे नाहीत. झेब्रा चिवट धाग्यांनी चिकटतो आणि देशी शिंपल्याच्या कवचाची वाढती कड पातळ असते. ओढलं तर त्या कडेचा तुकडा निघतो. बोथट सुरी कवचाला समांतर धरून धागे कापायचे, फटींकडून सुरुवात करायची नाही, बाजूने आत यायचं. शेवटी मऊ ब्रश. हे सगळं तिला पाण्याच्या टबात ठेवून, सावलीत. काढलेले झेब्रा बादलीत जातात, नदीत परत एकही नाही. घाईने खरवडणारे पाहिले की मला राग येतो. संकटग्रस्त जातीला वाचवताना तिचंच कवच फोडायचं, याला काम म्हणत नाहीत.

साफ झाल्यावर कळलं की ती मादी आहे. या जातीत मादीचं मागचं टोक फुगीर आणि छाटल्यासारखं असतं, नराचं निमुळतं. दाबली की तोंड उघडणाऱ्या उलट्या पकडीने कवच काही मिलिमीटर उघडून आत पाहिलं. कल्ल्यांचे मागचे भाग पांढुरके आणि टच्च फुगलेले. म्हणजे पोटात अळ्या होत्या, हजारोंनी.

वादाचं मूळ इथे आहे, म्हणून हे नीट सांगायला हवं. झेब्राची मादी अंडी सरळ पाण्यात सोडते, वर्षाला दहा लाखांपर्यंत, आणि अळ्या वाढवायला तिला कुठल्या माशाची गरज लागत नाही. हिगिन्स आयचं तसं नाही. उन्हाळ्याच्या शेवटी अळ्या मादीच्या कल्ल्यांत वाढू लागतात, संपूर्ण हिवाळा ती त्यांना आत सांभाळते, आणि पुढच्या वसंतात किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या मांसल पदराचा छोट्या माशासारखा भास निर्माण करून तो हलवत राहते. बास किंवा वॉलआय जातीचा एखादा मोठा मासा त्याला भक्ष्य समजून तोंड मारतो आणि अळ्या त्याच्या कल्ल्यांना चिकटतात. तिथे काही आठवडे राहून बाळशिंपले तळावर गळून पडतात. इतकी लांब साखळी चालवायची तर मादीकडे साठवलेली ताकद हवी. आणि झेब्रा नेमकी तीच खातात. फटीच्या तोंडाशी बसून तिच्याकडे येणारं पाणी ते आधी गाळतात, एकेक झेब्रा दिवसाला लिटरभर. न्यूयॉर्कच्या हडसन नदीत ते आल्यावर काही वर्षांतच तरंगत्या शैवालाचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त घटलं. आमच्या धक्क्यावर मासेमारीला येणारे कौतुकाने सांगतात की पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतं. ती स्वच्छता म्हणजे नदीचं अन्न संपल्याची खूण आहे, हे सांगून सांगून मी थकत नाही, थकणारही नाही.

त्या हंगामासाठी उबवणी केंद्राला हव्या होत्या तेवढ्या माद्या आधीच नेल्या होत्या. परवान्यात आणखी नेण्याची मुभा नव्हती. गटप्रमुखाचं म्हणणं, साफ करून होतं तिथे परत ठेवा, नोंद करा, पुढे चला. आणि वर, या साफसफाईला काही अर्थ नाही, पुढच्या उन्हाळ्याअखेर ती पुन्हा तशीच भरलेली दिसेल.

दिसेल, मान्य. पण मध्ये काय काय घडतं ते पाहा. पाणी साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की झेब्रांची पैदास थांबते. ऑक्टोबरात साफ केलेल्या मादीवर नव्या अळ्यांचा मोठा थर बसणार तो पुढच्या जून-जुलैत. तोपर्यंत तिने आपल्या अळ्या माशांवर सोडलेल्या असू शकतात. म्हणजे एका साफसफाईने तिला उरलेला सगळा गर्भारकाळ मोकळा मिळतो. हेच काम जूनमध्ये केलं, जसं आम्ही सहसा पाणबुड्यांच्या सोयीने करतो, तर चार आठवड्यांत नवा थर. कामात फरक नाही, तारखेत आहे. आणि उशीर करूनही चालत नाही, कारण पाणी फार गार झालं की देशी शिंपल्याचा पाय, म्हणजे तळात शिरायचा मांसल अवयव, मंदावतो आणि तो पुन्हा तळात रुतू शकत नाही, उघडा पडून प्रवाहाबरोबर जातो. मधली खिडकी जेमतेम काही आठवड्यांची आहे.

तिच्या कवचावर क्रमांकाची चकती चिकटवून मी तिला स्वतः खाली नेलं. नुसतं वरून सोडणं मला मान्य नाही. खडीत बोटाने खड्डा केला, मागचं टोक वर राहील अशी उभी बसवली आणि तिचा पाय माझ्या बोटाखालून खाली शिरतोय हे जाणवेपर्यंत थांबले. वरच्या माणसाने नळीला दोनदा झटका दिला तरी थांबले.

पुढच्या जुलैत त्याच पट्ट्यात सर्वेक्षण होतं. ती सापडली. जिवंत. अंगावर थोडेसे, दाण्याएवढे झेब्रा, त्याच मोसमातले. कवचाच्या कडेला नव्या वाढीची चकचकीत पट्टी. आणि कल्ले रिकामे.

आमच्या नमुना-पत्रकात मादीसाठी एकच रकाना आहे: गर्भार, होय किंवा नाही. गटप्रमुखाने "नाही" लिहिलं. खरं तेच आहे. पण रिकाम्या कल्ल्यांचे दोन अर्थ होतात. एक, तिने अळ्या माशांवर सोडल्या. दुसरा, ताण असह्य होऊन त्या अर्धवट टाकून दिल्या. गर्भार शिंपले हाताळणीने किंवा ऑक्सिजन कमी पडल्याने असं करतात, आणि माझ्या हाताळणीमुळेही ते झालं असू शकतं. वाढीची पट्टी सांगते की वसंतात तिला पोटभर खायला मिळालं, म्हणून मी पहिल्या अर्थाकडे झुकते. गटप्रमुख म्हणतो, एका मादीवरून काही सिद्ध होत नाही. त्याच्या या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण शेजारच्या ज्यांना साफ केलं नव्हतं त्यांतल्या आम्हाला फक्त रिकाम्या शिंपा मिळाल्या, आणि त्या कधी मेल्या ते शिंप सांगत नाही.

ज्याला मी हरकत घेते ते वेगळं आहे. वार्षिक अहवालात साफसफाईचं यश एकाच आकड्यात मोजलं जातं: दर चौरस मीटरला झेब्रा किती उरले. तो आकडा दरवर्षी पूर्वपदावर येतो, म्हणून काम निष्फळ ठरतं आणि पुढच्या वर्षीचा निधी कापला जातो. देशी शिंपल्याला मध्ये किती महिने मिळाले हे कुठल्याच रकान्यात नाही. झेब्रा या नदीतून आता जाणार नाहीत. तेव्हा त्यांना मोजून यश ठरवणं म्हणजे ज्यांच्यासाठी उतरतो त्यांच्याकडे न बघणं.

मी अर्ज दिला आहे. पट्ट्याचा अर्धा भाग ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात साफ करायचा, अर्धा तसाच ठेवायचा, दोन्हीकडच्या गर्भार माद्यांना चकत्या लावायच्या आणि मेमध्ये, अळ्या सुटण्याआधी, एकदा कल्ले पाहायचे. तेव्हा भरलेले आणि जुलैत रिकामे, एवढं तरी कळेल. गार पाण्यात पाणबुड्यांना कमी वेळ राहता येतं, म्हणून माणसं जास्त लागतील, ही पहिली हरकत आली आहे. तिच्या उत्तरात मी पाण्याच्या तापमानाचा मागच्या हंगामांचा आलेख जोडला आहे. गटप्रमुखाने सहमती नाही, पण सही दिली आहे.