त्यांना एक, मला तीन

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, काकू. ओपीडीच्या बाकावर हा प्रश्न मला दर वेळी कोणीतरी विचारतंच. "आमच्या ह्यांना टॅक्रो सकाळ-संध्याकाळ एकेक मिलिग्रॅम, तुम्हाला तीन-तीन! ह्यांचं वजन तुमच्या दीडपट. तुमचं काही बिघडलंय का?"

काही बिघडलेलं नाही. आईनं दिलेली किडनी नऊ वर्षं छान चाललीय. फक्त मी औषध भराभर संपवते.

टॅक्रो म्हणजे टॅक्रोलिमस, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध. ते मूळचं जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतलं, १९८४ साली तिथल्या एका जिवाणूत सापडलेलं. ते कमी पडलं तर शरीर नव्या किडनीवर उठतं. जास्त झालं तर हात थरथरतात, साखर वाढते, आणि गंमत म्हणजे ज्या किडनीसाठी ते घ्यायचं तिलाच इजा होते. मधली वाट अगदी अरुंद. गोळी किती, याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. रक्तात किती उरलं ते बघायचं. सकाळची गोळी न घेता रक्त द्यायला येतो ना आपण, ते यासाठीच. रात्रीच्या डोसला बारा तास झाल्यावर तळाला उरतं ती लेव्हल. (गोळी घेऊन आलेला एक तरी जण रोज भेटतो. तपासणीचे पैसे वाया.)

माझं ऑपरेशन झालं तेव्हा डोस वजनावरून ठरवला होता. आठवडा झाला, डोस वाढवला, तरी लेव्हल चारच्या वर सरकेना. हवी होती आठ-दहा. पुढे जनुकतपासणीत कारण कळलं. सीवायपी३ए५ नावाचं एक एन्झाइम आतड्यात आणि यकृतात हे औषध मोडून टाकतं. काहींच्यात ते जवळजवळ नसतंच, माझ्यात ते जोरात आहे. अशा माणसांना साधारण दीडपट ते दुप्पट डोस लागतो. तुमच्या ह्यांना बीपीसाठी डिल्टियाझेम चालू आहे म्हणालात. ती गोळी हे मोडणं मंदावते, त्यामुळेही त्यांना कमी पुरत असेल. आपल्याकडे टॅक्रोचा खर्च आवरायला काही डॉक्टर मुद्दाम ही जोडी देतात.

पण माझे तीनही काही दगडावरची रेघ नाही. तिसऱ्या वर्षी खोकला झाला. घराजवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, मी किडनीचं सांगितलं होतं, तरीही. तेही टॅक्रोचं मोडणं मंदावतं. चौथ्या दिवशी कपबशी हातात खडखडायला लागली. लेव्हल एकवीस, आणि किडनीचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिन १.१ वरून १.७! दोन डोस थांबवले, मग कमी करून पुन्हा चालू. उलट टीबीवरचं रिफाम्पिसिन लेव्हल पार खाली पाडतं; तिथे डोस कितीतरी वाढवावा लागतो. जुलाबात लेव्हल चढते, हे तर मला पटायलाच वेळ लागला. औषध वाहून जाईल असं वाटतं ना? पण आतड्याचं अस्तर दुखावलं की तिथलं मोडणंच कमी होतं, आणि जास्त औषध रक्तात शिरतं.

ग्रेपफ्रूट खाऊ नका, असं फाइलवर छापलेलं असतं, कारण तेही टॅक्रोचं मोडणं मंदावतं. ते आपण कुठे खातो? पण त्याच्या आईबापांतलं एक म्हणजे आपलं पपनस, आणि तेही तेच करू शकतं. गणपतीत आत्या गावाहून पाठवते. यंदाही सोलून डबाभर आलं होतं. मुलानं मीठ-तिखट लावून माझ्यासमोर बसून संपवलं.