आमची वाटचाल : मालवाहतुकीकडून घरसामानाकडे

आमची सुरुवात घरसामानाने झाली नाही. बाबांची एक गाडी होती आणि तिच्यातून कारखान्यांचा माल जायचा. सगळे खोके एका मापाचे. नग मोजले, पावतीवर सही झाली की काम संपलं. दादा आणि मी धंद्यात आलो तोवर ते काम आटत चाललं होतं आणि ओळखीचे लोक विचारू लागले होते, "घर हलवायचंय, गाडी मिळेल का?" ते काम घेतलं आणि कळलं की हा धंदाच वेगळा. इथे दोन नग सारखे नसतात, आणि मालक शेजारी उभा राहून प्रत्येकावर नजर ठेवून असतो. ठेवावीच.

फोनवर दर सांगायचा नाही, हे आम्ही तेव्हाच ठरवलं. त्यापायी गिऱ्हाईकं गेली, अजूनही जातात. पण "दोन खोल्यांचं घर आहे, किती घ्याल?" याला खरं उत्तरच नसतं. त्या दोन खोल्यांत एक गादी आणि टेबल असेल, किंवा पुस्तकांनी गच्च भरलेली कपाटं असतील. मी घरी जातो, माळा उघडायला लावतो, पलंगाखाली वाकून बघतो. जिन्याचं वळण, लिफ्टचं दार, गाडी दारापर्यंत येते का, सगळं पाहतो आणि नव्या घराचंही हेच विचारतो. मग सामानाचे घनफूट काढून कोणती गाडी लागेल ते ठरतं.

न बघता दिलेला आकडा बहुधा कमी असतो. का, ते सामान गाडीत चढल्यावर समजतं. आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाला आधीच्या वेळी याचा चटका बसला होता. अर्धं घर गाडीत गेल्यावर "सामान जास्त निघालं, जिन्याचे वेगळे" सुरू झालं. अशा वेळी माणूस भांडणार कसा? देतो. म्हणून आमच्या कागदावर दरात काय धरलंय आणि काय नाही, दोन्ही लिहिलेलं असतं: पलंग-कपाटं खोलणं-जोडणं, जिन्याची चढउतार, आणि ऐनवेळी सामान वाढलं तर त्याचा हिशोब. विसार थोडाच घेतो. सगळे पैसे आधी मागणाऱ्याला काम देऊ नका, हे मी याच धंद्यात असून सांगतो.

आमच्या कामाचा कणा म्हणजे यादी. प्रत्येक नगाला नंबर आणि नंबरापुढे त्याची आजची अवस्था: "कपाट, डावं दार, खाली पोपडा निघालेला." एका काकूंना याचा राग आला. "माझ्या कपाटाची खोडी काढताय?" दादा म्हणाला, "काकू, जे इथे लिहिलं नाही त्याची जबाबदारी आमच्यावर येते." त्यानंतर त्यांनीच चष्मा लावून उरलेली यादी तपासली. यादी न करणारा स्वस्त वाटतो खरा, पण काही हरवलं तर ते गाडीत चढलं होतं हे दाखवणार कशावरून?

बांधणीत आमची माणसं हट्टी आहेत. पलंग खोलला की स्क्रू पिशवीत, पिशवीवर पलंगाचा नंबर, आणि ती पिशवी त्याच पलंगाच्या फळीला आतून चिकटवायची. पुस्तकं लहान खोक्यात, चादरी मोठ्या. ताटल्या आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या ठेवायच्या. फ्रिज उभाच न्यायचा. आडवा करावाच लागला, तर उभा केल्यावर काही तास थांबून मग चालू करायचा, म्हणजे कंप्रेसरचं तेल जागेवर येतं. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचा ड्रम प्रवासात हलू नये म्हणून मशीनसोबत बोल्ट येतात. ते कुठे ठेवलेत हे बहुतेकांना आठवत नाही, म्हणून मी सामान बघायला जातो तेव्हाच विचारतो. एखाद्याने तुम्हाला हा प्रश्न स्वतःहून विचारला तर त्याला कामाची जाण आहे, असं खुशाल समजा.

विम्याबद्दल मात्र गोड बोलणारे फार. "इन्शुरन्स आहे" एवढ्यावर विसंबू नका, पॉलिसी मागा. वाहतूकदाराची स्वतःची जबाबदारी मर्यादित असते, विमा कंपनीची पॉलिसी ही वेगळी गोष्ट. आणि मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातलं फुटलं, किंवा बाहेर ओरखडा नसताना टीव्ही आतून बंद पडला, तर बऱ्याच पॉलिसींत भरपाई मिळत नाही. दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रं आम्ही नेतच नाही. ती तुमच्याजवळच हवीत.

गाडी कोणाची, हेही विचारा. दर एकजण ठरवतो आणि उचलायला भलतेच येतात, असा दलालीचा प्रकार या धंद्यात चालतो. लांबच्या कामात दोन-तीन घरांचं सामान आम्हीही एका गाडीत भरतो. स्वस्त पडतं, त्यात गैर काही नाही. पण पोचायची तारीख सैल राहते आणि ते आधीच सांगायला हवं.

बाबा आता गाडीवर जात नाहीत. हमाल पगारावर ठेवलेत, रोजंदारीवर नाहीत. महिनाअखेरीला मागणी वाढली तरी बाहेरची माणसं न घेता तारीखच नाकारतो. पियानोचं काम अजून घेत नाही, कारण ते शिकलेला माणूस आमच्याकडे नाही. कोणी विचारलंच तर जो ते करतो त्याचा नंबर देतो.